३८ ची वाट पाहू नका

राज्यसेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत बसता येतं. मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल घटकातले आणि अनाथ उमेदवार यांच्यासाठी ही मर्यादा ४३ आहे. खेड्यातून शिकून उशिरा पदवी हाती पडलेल्या मुलामुलींना या मर्यादेचा मोठा आधार आहे आणि तो राहिला पाहिजे. पण पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आसपास कॉट बेसिसवर राहून तयारी करणाऱ्या हजारो जणांच्या मनात हा आकडा आणखी एक काम करत असतो. तो रोज सांगतो, घाई कशाला, अजून वेळ आहे.

तेवढा वेळ मात्र नसतो, कारण बाकीची दारं ३८ पर्यंत उघडी राहत नाहीत. पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाचं वय २८ ला संपतं. आयबीपीएसची बँक क्लार्कची परीक्षा २८ पर्यंत, अधिकारी पदाची ३० पर्यंत. रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी आणि स्टेट बँकेची पीओ, दोन्ही ३० पर्यंत. पीएसआयचं पद राज्यसेवा घेणारा राज्याचा लोकसेवा आयोगच भरतो, तरी त्याची मर्यादा खुल्यासाठी ३१ आणि मागासवर्गीयांसाठी ३४ आहे. यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न. राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपला तर २६ च्या पुढे अर्जच करता येत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांच्या फार उशिरा ध्यानात येते. राज्याच्या परीक्षांत एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) किंवा आर्थिक दुर्बल घटक म्हणून मिळणारी वयाची सवलत केंद्राच्या भरतीत आणि बँकांत चालत नाही. तिथे सवलत ओबीसींना तीन वर्षं आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं. म्हणजे राज्यसेवेसाठी ४३ पर्यंत निर्धास्त असलेला मुलगा बँकेच्या लेखी २८ ला किंवा ३० ला बाद होतो, आणि त्या वेळी तो अभ्यासिकेत बसून पुढच्या पूर्वपरीक्षेची उजळणी करत असतो.

ज्यांची पोस्ट अजून निघालेली नाही, म्हणजे निवड झालेली नाही, ज्यांनी दोन-तीनदा पूर्व किंवा मुख्य दिली आहे आणि ज्यांच्या मनात रात्री दिवा मालवल्यावर ‘आता थांबावं का’ हा प्रश्न येतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुम्ही थांबावं की चालू ठेवावं हे मी सांगणार नाही, सांगू शकत नाही. पण या प्रश्नाचा निर्णय तुम्ही स्वतः, डोकं शांत असताना, कागदावर मांडून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तुम्ही घेतला नाही तर वय घेतं, पैसा घेतो, वडिलांचं आजारपण घेतं. आणि मग तो तुमच्या सोयीने होत नाही.

सुरुवात स्वतःच्या गुणांपासून करा. ‘दोन मार्कांनी गेली’ हे वाक्य पेठेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतं. ते खरं असतं, आणि तितकंच फसवं असतं. यूपीएससीच्या २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. त्यांतून मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीला पोहोचले २,८४५ आणि शिफारस झाली १,००९ जणांची. एवढ्या गर्दीच्या परीक्षेत कट-ऑफच्या आसपास एकेका गुणावर कितीतरी उमेदवार दाटीने उभे असतात. दोन गुणांनी मागे राहणं म्हणजे त्या सगळ्यांच्या मागे राहणं. पुढच्या वर्षी ते सगळेही अभ्यास करूनच येणार आहेत.

याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. पूर्वपरीक्षेतून साधारण चाळिसात एक जण पुढे जातो, मुख्य परीक्षेतून पाचात एक आणि मुलाखतीतून जवळजवळ तिघांत एक. त्यामुळे ‘माझे चार प्रयत्न झाले’ एवढंच सांगून काही कळत नाही. चारही वेळा पूर्वलाच अडकलेला आणि दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन आलेला, या दोघांना एकच सल्ला देणं अन्यायाचं होईल. मुलाखतीपर्यंत जाऊन आलेल्याने वय आणि पैसा परवानगी देत असेल तर आणखी एकदा बसण्यात शहाणपण आहे. पूर्वलाच अडकणाऱ्याने मात्र स्वतःला अधिक कठोर प्रश्न विचारायला हवा.

तो प्रश्न असा. एका कागदावर प्रत्येक परीक्षेचं नाव, वर्ष, तुमचे गुण आणि तुमच्या प्रवर्गाचा कट-ऑफ लिहा. दोन्हींमधलं अंतर शेजारी मांडा. ते दर वेळी कमी होतंय का? होत असेल तर अभ्यास मार्गावर आहे. दर वेळी तेवढंच राहत असेल किंवा वर-खाली होत असेल, तर आणखी एक वर्ष तसाच अभ्यास करून ते कमी होईल असं मानायला काय आधार आहे? या प्रश्नाला बहुतेक जण ‘या वेळी जास्त मेहनत घेणार’ असं उत्तर देतात. अकरा तास बसणारा तेरा तास बसतो. पण अडचण तासांची असती तर अंतर एव्हाना मिटलं असतं. अडचण गणित-बुद्धिमापनाच्या पेपरची असते, इंग्रजी उतारा वाचण्याच्या वेगाची असते, कित्येकदा फक्त घाबरून चुकीचे पर्याय काळे करण्याची असते. मागच्या दोन प्रयत्नांत अभ्यासाच्या पद्धतीतली नेमकी कोणती गोष्ट बदलली, हे एका वाक्यात लिहून बघा. लिहिता आलं नाही, तर पुढचा प्रयत्न मागच्याचीच नक्कल होणार आहे.

राज्यसेवा करणाऱ्यांना आणखी एक हिशेब करावा लागेल. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, १७५० गुण आणि त्यावर २७५ गुणांची मुलाखत. पूर्वीची मुख्य परीक्षा बहुतांशी पर्याय निवडण्याची होती. ज्यांनी पाच-सहा वर्षं त्या पद्धतीवर हात बसवला, त्यांच्यासाठी ही वेगळी परीक्षा आहे. याच बदलावरून पुण्यात २०२३ च्या सुरुवातीला मुलं रस्त्यावर बसली होती आणि त्यानंतर अंमलबजावणी २०२५ वर गेली. आता ती झाली आहे. लिहिण्याची आवड असणाऱ्याला हा बदल मानवेल. ज्याने शाळेनंतर सलग दोन पानं मजकूर हाताने लिहिलेला नाही, त्याने तीन महिने रोज उत्तरं लिहून, कुणाकडून तरी तपासून घेऊन मगच पुढचं ठरवावं. नुसतं ‘जमेल’ म्हणून चालणार नाही.

आता तारखेविषयी. ‘पुढच्या अटेम्प्टनंतर बघू’ असं म्हणू नका, कारण पुढचा अटेम्प्ट कधी होणार हे तुमच्या हातात नसतं. ५ एप्रिल २०२० ला होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा करोनामुळे आणि नंतर इतर कारणांनी पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. तिच्या आधीची १४ मार्चची तारीख ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा नवी पेठेत उसळलेला संताप अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये आयबीपीएसच्या परीक्षेशी तारीख आदळली म्हणून पुन्हा आंदोलन झालं आणि पुन्हा परीक्षा पुढे गेली. जाहिरात निघायला उशीर, निकालाला उशीर, न्यायालयातली प्रकरणं, नियुक्तीला उशीर, या सगळ्यांत तरुणांची वर्षं जातात, आणि तो दोष तरुणांचा नाही. त्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. पण स्वतःचं आयुष्य आयोगाच्या वेळापत्रकाला बांधून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. कॅलेंडरमधली एक पक्की तारीख ठरवा. उदाहरणार्थ, पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत मी पूर्ण वेळ तयारी करेन, त्या दिवशी परीक्षा झालेली असो वा नसो, त्यानंतर पूर्ण वेळ तयारी बंद. ही तारीख लिहा आणि एका माणसाला सांगा. रूममेटला नको, तो तुमच्याच नावेत बसलेला आहे. बहिणीला सांगा, किंवा नोकरीला लागलेल्या जुन्या मित्राला.

तारीख निकालाच्या दिवशी मात्र ठरवू नका. नाव यादीत नसल्याचं कळतं त्या संध्याकाळी माणूस एक तर सगळं सोडून गावी निघतो, नाहीतर पुढच्या पाच वर्षांची शपथ घेतो. दोन्ही निर्णय दुखावलेल्या मनाचे असतात. किमान पंधरा दिवस जाऊ द्या. त्या पंधरा दिवसांत झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यातच अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते कुणालातरी बोलून दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, केंद्र सरकारची ही मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. परीक्षेतल्या अपयशाने माणूस आजारी पडू शकतो, आणि आजारी माणसाने आधी उपचार घ्यायचे असतात, निर्णय नंतर.

पैशाचा हिशेबही याच कागदावर करा. खोली, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, पुस्तकं, अर्जांच्या फिया, परीक्षा केंद्रांपर्यंतचे प्रवास. महिन्याचा आकडा येईल, त्याला बाराने गुणा. मग त्याखाली लिहा की हा पैसा कुणाचा आहे. घरून येणाऱ्या रकमेमागे विकलेली म्हैस असते, भावाने शहरात धरलेली कंपनीतली पाळी असते, धाकट्या बहिणीचं अडलेलं शिक्षण असतं. अपराधी वाटावं म्हणून हे सांगत नाही. आई-वडिलांनी तो पैसा प्रेमाने दिलेला आहे. पण झालेला खर्च परत येणार नाही, तुम्ही आणखी चार वर्षं बसलात तरीही नाही. ‘एवढं घातलंय, आता मागं कसं फिरू’ हा विचार माणसाला सर्वांत जास्त काळ अडकवून ठेवतो. निर्णय घेताना फक्त पुढचा खर्च मोजा. पुढच्या वर्षाला किती लागणार, त्यातून पोस्ट निघण्याची शक्यता किती, आणि तेच वर्ष दुसरीकडे घातलं तर हाती काय येईल.

मुलींबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण त्यांचं गणितच वेगळं आहे. लातूर, बीड, जालना, सोलापूरकडून पुण्यात आलेल्या कितीतरी मुलींना ‘परीक्षा देतेय’ या दोन शब्दांनी लग्नापासून संरक्षण दिलेलं असतं. अभ्यासिका, हॉस्टेलची खोली, स्वतःच्या वेळेवरचा हक्क, हे सगळं त्या दोन शब्दांच्या आधारावर उभं असतं. तयारी थांबवली असं तिने घरी सांगितलं की पुढच्याच आठवड्यात स्थळं सुरू होतात. त्यामुळे परीक्षेतून मन उठलेलं असतानाही अनेक मुली तिथेच बसून राहतात. त्यांना मी एक क्रम सुचवतो. आधी पुढचं काहीतरी हातात घ्या, मग थांबल्याचं सांगा. बी.एड. किंवा एलएलबीचा प्रवेश असो, बँकेचं नियुक्तिपत्र असो, एखाद्या संस्थेतली सहा महिन्यांची नोकरी असो, काहीतरी कागदावर असलेलं. ‘मी सोडतेय’ या वाक्याच्या जागी ‘मी अमुक ठिकाणी रुजू होतेय’ हे वाक्य असलं पाहिजे. लग्न कधी करायचं, करायचं की नाही, हा प्रश्न नोकरी करताना तुम्ही जितक्या ताठ मानेने हाताळाल तितका हातात काहीच नसताना हाताळता येणार नाही. आणि घरी तुमच्या बाजूने बोलणारं एक माणूस आधी तयार करा. बहुतेक घरांत आत्या, मामी किंवा मोठी वहिनी असं कुणीतरी असतं, जिला स्वतःला शिकायचं होतं आणि शिकू दिलं गेलं नाही.

घरी सांगण्याचा प्रसंग मुलांनाही अवघड जातो. माझं मत आहे की हे फोनवर सांगू नये. गावी जा, दोन दिवस राहा, शेतावर किंवा दुकानात वडिलांबरोबर काम करा आणि मग बोला. भावकीसमोर, लग्नाच्या मांडवात किंवा सणाच्या पंगतीत नको. पहिल्यांदा आईशी बोलावं की वडिलांशी हे तुमच्या घराची रीत पाहून ठरवा. सोबत तो कागद न्या. गुण, कट-ऑफ, वय, खर्च आणि पुढच्या सहा महिन्यांची योजना त्यावर आहे. ज्या वडिलांना परीक्षेचं काही कळत नाही असं तुम्ही समजता, त्यांना पीक कधी मोडायचं आणि पुन्हा पेरणी कधी करायची हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. सरळ बोला. ‘अण्णा, मी चार वर्षं मनापासून केलं. इथपर्यंत पोहोचलो. आता पूर्ण वेळ अभ्यास थांबवतोय आणि हे काम धरतोय. पहिलं वर्ष पगार कमी असेल. मला तुमच्याकडून पैसे नकोत, फक्त एक वर्ष मला कुणाशी ताडून बघू नका.’ ते गप्प बसतील, कदाचित रागावतील. ‘एवढी वर्षं गेली आणि आता सोडतोस?’ असं म्हणतील. त्या वाक्याला लगेच उत्तर द्यायची गरज नाही. त्यांनाही पंधरा दिवस द्या, जसे तुम्ही स्वतःला घेतले होते.

गावातल्या लोकांसाठी एक वाक्य तयार ठेवा आणि सगळ्यांना तेच सांगा. ‘आता नोकरी करतोय, जमलं तर परीक्षाही देईन.’ एवढं पुरे. पारावरच्या प्रत्येकाला कट-ऑफ समजावून सांगायला तुम्ही बांधील नाही.

‘जमलं तर परीक्षाही देईन’ हे नुसतं लोकांची तोंडं बंद करण्यासाठी सांगत नाही. पूर्ण वेळ तयारी थांबवणं आणि परीक्षा कायमची सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत, शाळेत, तलाठी कार्यालयात नोकरी करता करता पुढची पोस्ट काढलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला की परीक्षेची भीती कमी होते, आणि काही जणांचे गुण त्यामुळेच वाढतात. फक्त नोकरीचे पहिले सहा महिने परीक्षेचं पुस्तक उघडू नका. नव्या कामाला तेवढा पूर्ण वेळ दिला नाही तर तुम्ही दोन्हीकडून अर्धे राहाल.

यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत जाऊन आलेल्यांसाठी आयोगाने ‘प्रतिभा सेतू’ नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. अंतिम यादीत न आलेल्या, पण सगळे लेखी टप्पे पार केलेल्या उमेदवारांनी संमती दिली तर त्यांची माहिती तिथून सरकारी आणि खासगी कंपन्यांना मिळते. पात्र असाल तर संमती देऊन ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात १८ ते ३५ वयाच्या पदवीधरांना सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि महिना १०,००० रुपये विद्यावेतन अशी रचना होती. आपल्या जिल्ह्याच्या कौशल्य विकास आणि रोजगार कार्यालयात जाऊन सध्याची स्थिती विचारा. अशा ठिकाणी कायम नोकरीची आशा धरून जाऊ नका. तिथून अनुभवाचं पत्र आणि कार्यालयात काम कसं चालतं याची समज घेऊन बाहेर पडा. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर आजच एखाद्या इन्स्टिट्यूटमध्ये नाव घाला. मराठवाड्यातली, विदर्भातली चांगली तयारी असलेली मुलं या एका प्रमाणपत्राअभावी मागे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वकिलीकडे बरेच जण वळतात. राज्यघटना, प्रशासन, कायदे वाचलेले असतात, त्यामुळे पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी त्यांना मानवतो. त्यामागे न्यायाधीश होण्याचा बेत असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ ला कनिष्ठ न्यायाधीशाच्या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तीन अधिक तीन, म्हणजे किमान सहा वर्षांनी तुम्ही त्या परीक्षेला बसाल. कोर्टात उभं राहण्याची खरी आवड असेल तरच या वाटेने जा. पुन्हा एक परीक्षा मिळाली, अभ्यासिका सोडावी लागणार नाही, एवढ्याच समाधानासाठी जाऊ नका.

हेच स्वतःचा क्लास काढण्याबद्दल. ज्याला शिकवणं येतं आणि आवडतं, त्याने जरूर शिकवावं. चांगल्या शिक्षकांची तालुक्याच्या गावांत मोठी गरज आहे. पण पोस्ट निघाली नाही म्हणून पोस्ट कशी काढायची हे शिकवणं, आणि त्यात नव्या मुलांना ‘नक्की निघते’ अशी आशा विकणं, हे मला पटत नाही. शिकवायचं असेल तर पहिल्याच दिवशी मुलांना हे आकडे सांगा, वयाच्या मर्यादा सांगा.

आता खासगी नोकरीच्या अर्जातल्या त्या मोकळ्या वर्षांचं काय करायचं? लपवू नका. ‘२०२१ ते २०२५, राज्यसेवा व संघ लोकसेवा परीक्षांची पूर्ण वेळ तयारी, दोनदा पूर्वपरीक्षा उत्तीर्ण’ असं सरळ लिहा. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. परीक्षेची व्यवस्था, आयोग, पेपरफुटी यांवर तिथे बोलू नका. तुमची तक्रार खरी असली तरी समोरच्याला कामाचा माणूस हवा आहे. मेहनती, जिद्दी, चिकाटीचा हे शब्दही टाळा. प्रत्येक जण ते लिहितो आणि कुणीच ते वाचत नाही. त्याऐवजी दाखवता येईल असं काहीतरी तयार करा. तुम्ही वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून टिपणं काढली, अर्थसंकल्प वाचले, सरकारी योजनांच्या अटी पाठ केल्या. मग तुमच्या तालुक्यात पीकविमा कुणाला मिळतो आणि कुणाचा अर्ज का अडतो यावर चार पानांचं टिपण लिहा. चार शेतकऱ्यांशी आणि कृषी सहायकाशी बोलून लिहा. सामाजिक संस्थेत, वृत्तपत्रात, संशोधनाच्या कामात नोकरी मागताना हे टिपण तुमच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलेल. सोबत एक्सेलमध्ये नीट काम करायला शिका आणि इंग्रजीत पाच मिनिटं न अडखळता बोलण्याचा सराव करा. या दोन गोष्टी दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी हातात येतात.

पहिला पगार पाहून खचायला होईल. तुमच्याबरोबर पदवी घेतलेला मित्र सहा-सात वर्षं पुढे असेल, कंपनीत तुमचा वरिष्ठ तुमच्यापेक्षा लहान असेल. ही सगळ्यांत बोचरी गोष्ट आहे आणि तिच्यावर गोड बोलून मात करता येत नाही. एक-दीड वर्ष ती सहन करावी लागते. त्या काळात पगाराचा आकडा आणि पदाचं नाव बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारा, या कामातून मी असं काय शिकतोय ज्याचे पुढच्या वर्षी कुणीतरी मला जास्त पैसे देईल? उत्तर सापडत नसेल तर काम बदला. एकदा बदल करण्याचं धाडस केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बदलणं तेवढं जड जात नाही.

जागाही बदला, एवढं मी आग्रहाने सांगेन. पेठेतल्याच खोलीत राहून, त्याच मेसमध्ये जेवून, रात्री त्याच मित्रांबरोबर कट-ऑफची चर्चा करून नव्या नोकरीत मन लागणं फार कठीण आहे. अभ्यासिकेचा पुढच्या महिन्याचा पैसा भरू नका. टेलिग्रामवरचे जाहिरातींचे आणि चालू घडामोडींचे ग्रुप बंद करा, निदान सहा महिने. मित्र तोडू नका. आठवड्यातून एकदा भेटा, पण चर्चा परीक्षेची नको. ज्यांची पोस्ट निघाली त्यांच्या सत्काराला जा, मनापासून टाळ्या वाजवा. त्यांनी मिळवलेलं तुमच्याकडून काढून घेतलेलं नाही.

घरच्यांनाही चार शब्द सांगायचे आहेत, कारण हा लेख त्यांच्याही हातात पडेल. तुमचा मुलगा किंवा मुलगी थांबायचं म्हणत असेल तर ‘अजून एकदा बघ’ असं लगेच म्हणू नका. ते वाक्य म्हणणं सोपं आहे, आणि त्याची किंमत आणखी एक वर्ष असते. आधी कागद बघा, प्रश्न विचारा. त्याच्याऐवजी नातेवाइकांना स्पष्टीकरण देत बसू नका. तो काय करतो हे त्याला सांगू द्या. घरात सरकारी पद येणार होतं, ते आलं नाही, हे दुःख तुमचंही आहे, पण ते त्याच्यासमोर उगाळू नका. लग्नाचा विषय निदान पहिलं वर्षभर काढू नका, मुलीच्या बाबतीत तर अजिबात नाही. आणि पहिल्या महिन्याचा पगार किती असं विचारण्याआधी काम काय आहे, साहेब कसे आहेत, डबा नेतोस की बाहेर जेवतोस, एवढं विचारा.